तयपट म्हणजे काय

माझी आई द्रौपदीबाई अकोला जिल्ह्यातली. तिकडे ळ चा य करतात. लखनौला येऊन दहा वर्षं झाली तरी ती डोळ्यांना डोये आणि काळजीला कायजीच म्हणायची. शिवी तिनं कधी कुणाला दिली नाही, तिला ते घाण वाटायचं. शाप मात्र दिवसभर चालू असायचे. दूध उतू गेलं की "जयलं मेलं!" माझा धाकटा भाऊ बबन पतंगामागे धावून गुडघे फोडून आला की "मुडदा बशीवला तुहा, इकडं ये, हयद लावतो." सकाळी नळाला पाणी नसलं की "या नयाले मरीमाय घेऊन जावो!"

माझे वडील दादाराव दाढी करता करता हसायचे. "अवो, मरीमाय आपण छप्पन्न सालीच सोडली. तू अजून तिले नयावर सोडून राह्यली."

आलमबागच्या मागे आमच्या सरकारी कॉलनीत याचं कुणाला काही वाटत नसे. शेजारच्या शुक्ला भाभीही त्यांच्या पोरांना 'नासपीटे' म्हणायच्या, आणि त्याच दमात त्यांच्या ताटात तूप वाढायच्या. शाप हा घरातला आवाज होता. तो कुणाला लागतो असं मला कधी वाटलं नव्हतं.

सत्त्याहत्तरच्या सप्टेंबरात वडिलांना कावीळ झाली आणि अकरा दिवसांत ते गेले. ऑफिसात ते ड्राफ्ट्समन होते. आई तेव्हा छत्तीस वर्षांची, मराठी सातवी पास. मी सुनंदा, पंधरा वर्षांची, दहावीत. बबन आठ वर्षांचा. क्वार्टर मार्चअखेर रिकामं करा अशी नोटीस आली. वडिलांच्या जागी आईला त्याच ऑफिसात काही काम मिळालं तरच क्वार्टर राहणार होतं. तसा अर्ज केला. ती फाइल निगम बाबूंकडे होती.

निगम बाबू बावन्न-त्रेपन्न वर्षांचे, गोरे, जाड चष्म्याचे, पानाचा डबा टेबलावर. आईबरोबर दर वेळी मी जायची, कारण आईची हिंदी कामचलाऊ होती. आम्ही गेलो की ते खुर्चीतून अर्धे उठायचे. "आइए बहनजी, तशरीफ़ रखिए. बिटिया, तुम भी बैठो." चहा मागवायचे. आणि म्हणायचे, "बस, हो ही गया समझिए. अगले हफ़्ते एक बार और तकलीफ़ कर लीजिए."

असे किती 'अगले हफ़्ते' गेले. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर. चहा तेवढा नेमानं मिळाला. घरी येताना आई म्हणायची, "गोड बोलते बाप्पा. पण गोड बोलून काय पोट भरते?"

बारा जानेवारीला कडाक्याची थंडी होती. आम्ही पोचलो तेव्हा निगम बाबू कागद चाळत होते. त्या दिवशी त्यांनी चहा सांगितला नाही. नजर वर न करता म्हणाले, "बहनजी, फ़ाइल इस वक़्त यहाँ नहीं है."

"मग कुठं हाय?" आई मराठीतच बोलली. मी हिंदीत विचारलं.

"वो… देखिए, आ जाएगी. अगले हफ़्ते…"

आई उठली. मला वाटलं आता निघायचं. पण ती टेबलाच्या अगदी जवळ गेली. तिचा आवाज मोठा नव्हता, तरी आख्ख्या खोलीतली टाइपरायटरं थांबली.

"माह्या लेकरायच्या तोंडचा घास काढून राह्यला तू. तुहं तयपट होईन! ज्या हातानं माही फाइल दाबली, तो हात झडून पडीन तुहा!"

बोलताना तिनं त्यांच्या उजव्या हाताकडे बोट केलं. शब्द कुणालाच कळले नाहीत, बोट सगळ्यांना दिसलं. 'हात' तर हिंदी माणसालाही कळतो. निगम बाबू उभे राहिले, परत बसले. आई मला ओढत बाहेर घेऊन आली.

नऊ दिवसांनी ऑफिसातला चपराशी रामआसरे आमच्या दारात आला. सायकलवरून उतरलाच नाही, एक पाय जमिनीवर टेकवून म्हणाला, "निगम बाबू को लकवा मार गया. दाहिना हाथ. बोली भी लड़खड़ा गई है." आणि आईकडे बघत, जरा मागे सरकून म्हणाला, "भाभी, हमसे कोई भूल हुई हो तो माफ़ करना."

दोन दिवसांत कॉलनीभर झालं: मराठिन की बद्दुआ लग गई.

त्यानंतरचे दिवस मला नीट आठवतात, कारण ते चमत्कारिक होते. नळावर बाया आईला पुढे जाऊ द्यायच्या. एकीनं आपलं तान्हं पदराखाली झाकलं. मागच्या लाइनीतली एक बाई तर दुपारी हळूच आली आणि म्हणाली, "भाभी, हमारी जेठानी के लिए भी ज़रा कुछ बोल दो. ज़्यादा नहीं, बस कमर में दर्द हो जाए." मी हसू दाबत आईकडे पाहिलं. आई हसली नाही. तिनं त्या बाईला पाणी दिलं आणि म्हणाली, "घर जाओ, बहन."

आणि आमचं घर मुकं झालं. दूध उतू गेलं तर आई नुसतं फडकं घ्यायची. बबन चिखलात लोळून आला तरी ती त्याला काही म्हणेना. एकदा त्यानं मुद्दाम कप फोडला आणि वाट बघत उभा राहिला. आईनं काचा गोळा केल्या. तेव्हा तो रडायला लागला. "आई, मुडदा म्हण ना," म्हणाला. आईनं त्याला पोटाशी धरलं, पण शब्द काही तिच्या तोंडून निघाला नाही.

भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. आई रोज तिच्यापुढे मेणबत्ती लावायची. एका संध्याकाळी मी तिला म्हणाले, "आई, शापानं काही होत नाही. बाबा सांगायचे ना?"

"सांगायचे," ती म्हणाली. "पण म्या मनापासून म्हटलं होतं, सुनंदा. त्या टायमाले मले खरंच वाटलं होतं, का याचा हात झडावा. ते माहं मले माहीत हाय."

फेब्रुवारीच्या दहा तारखेला ऑर्डर आली. रेकॉर्ड सॉर्टर म्हणून नेमणूक, लखनौतच, क्वार्टर कायम. कॉलनीनं ठरवून टाकलं की निगम बाबूंच्या जागी बसलेला नवा बाबू घाबरला आणि त्यानं दोन दिवसांत काम केलं. आईनं ऑर्डर हातात घेतली आणि कितीतरी वेळ तशीच बसून राहिली. आनंद करायचा की नाही, हेच तिला कळत नव्हतं.

जॉइनिंगच्या कागदांवर साक्षीदार म्हणून सही करायला वडिलांचे मित्र सदाशिवकाका गेले होते. ते नागपूरचे, वडिलांच्याच टेबलाशेजारी बसणारे. सही करताना फाइल समोर उघडी होती. काकांनी ती पहिल्या पानापासून वाचली. संध्याकाळी ते घरी आले आणि चप्पल न काढताच म्हणाले, "वहिनी, आपली मोठी चूक झाली."

मग त्यांनी सांगितलं. अर्ज वरून दोनदा परत आला होता. पहिल्यांदा शेरा होता की शाळेचा दाखला मराठीत आहे, चालणार नाही. त्यावर निगम बाबूंनी लिहिलं होतं की मराठीची लिपी तीच आहे, नाव, इयत्ता आणि तारीख कुणालाही वाचता येते, या कारणासाठी एका विधवेला परत पाठवू नये. दुसऱ्यांदा शेरा आला की लखनौत जागा नाही, गोरखपूरला द्या. त्यावर त्यांनी दीड पान लिहिलं होतं. दोन मुलं इथल्या शाळेत आहेत, एकतीस जानेवारीला इथलाच एक रेकॉर्ड सॉर्टर निवृत्त होतोय, ती जागा राखून ठेवावी.

"आणि ही तिसरी टिप्पणी," काका म्हणाले. "तारीख बारा जानेवारी. त्या दिवशी फाइल त्यांनी सकाळीच रामआसरेच्या हाती मोठ्या साहेबांकडे पाठवली होती. म्हणून टेबलावर नव्हती. रामआसरे सांगत होता, दुपारी ते स्वतः साहेबांकडे गेले आणि पुढचं तिथंच बसून लिहिलं. लिहिलंय, 'प्रार्थिनी घोर कष्ट में है, और अधिक विलंब उचित नहीं.' वहिनी, तुम्ही बोलून गेल्यावर लिहिलंय हे."

आई भिंतीला टेकली. "मग त्यायनं सांगितलं काऊन नाही?"

"दोनदा नाही म्हणून आलंय, हे तुम्हाला तोंडावर सांगवलं नसेल त्यांना. इथल्या माणसांना नाही म्हणणं जमत नाही."

त्याच आठवड्यातल्या रविवारी आई मला घेऊन निघाली. चारबागपासून सायकल-रिक्षा केली. गणेशगंजच्या एका गल्लीत जुनं दुमजली घर होतं. निगम बाबूंच्या पत्नीनं दार उघडलं. माझा फ्रॉक, आईची नऊवारी पाहिली आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. लखनौत नऊवारी नेसणाऱ्या बायका असतात किती?

"आप वही हैं," त्या म्हणाल्या. दार त्यांनी पूर्ण उघडलं नाही. "अब क्या लेने आई हैं?"

आईनं हात जोडले. तेवढ्यात आतून अडखळता आवाज आला, "कौन है? आने दो."

निगम बाबू तक्क्याला टेकून बसले होते. तोंड एका बाजूला झुकलेलं. उजवा हात उशीवर ठेवला होता, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. त्यांनी डाव्या हातानं बसायची खूण केली. मग माझ्याकडे बघून, एकेक शब्द जुळवत म्हणाले, "बिटिया, एक बात पूछनी थी. उस दिन बहनजी ने… क्या कहा था? वो तयपट… तयपट क्या होता है?"

मी गडबडले. "कुछ नहीं, चाचाजी. ऐसे ही, गुस्से में…"

"सुनंदा," आई म्हणाली. "खरं सांग त्यायले. समदं सांग."

मी सांगितलं. तळपट म्हणजे सत्यानाश. मुलांच्या तोंडचा घास. ज्या हातानं फाइल दाबली तो हात. शेवटचं वाक्य सांगताना मी जमिनीकडे पाहत होते. त्यांच्या पत्नीनं पदर तोंडाला लावला. आई निगम बाबूंपुढे खाली बसली आणि आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाली, "बाबूजी, सदाशिव भाई ने फाइल पढ़ा. मेरे को अब मालूम पड़ा. मैं बहुत गलत बोला. मेरे को माफ़ी मत देना, पर सच मालूम होना."

निगम बाबू पत्नीला म्हणाले, "वो काग़ज़ लाओ. अलमारी वाले." पत्नीनं एक जुना लिफाफा आणून दिला. डाव्या हातानं तो त्यांनी माझ्याकडे सरकवला. "पढ़ो बिटिया. तारीख़ पढ़ो."

डॉक्टरांच्या चिठ्ठ्या होत्या, इंग्रजीत. सर्वांत वरची तारीख मार्च शहात्तरची. रक्तदाब फार वाढलेला. खाली लिहिलेलं: मीठ बंद, तंबाखू बंद, एक महिना पूर्ण विश्रांती. दुसरी चिठ्ठी शहात्तरच्या ऑक्टोबरची, तीच ताकीद. तिसरी सत्त्याहत्तरची.

"बताओ इन्हें," ते म्हणाले.

मी आईला सांगितलं. आजार दोन वर्षांपूर्वीचा होता. आपण या ऑफिसात अर्ज करण्याआधीचा. बाबा जिवंत होते तेव्हाचा.

निगम बाबू हसायचा प्रयत्न करत म्हणाले, "तंबाकू मैंने नहीं छोड़ी, बहनजी. छुट्टी मैंने नहीं ली. आपका इसमें कुछ नहीं. आप तो… देर से आईं."

आई रडली. वडील गेल्यापासून ती आमच्यासमोर एकदाही रडली नव्हती. त्या परक्या घरात, परक्या माणसाच्या पलंगाच्या पायथ्याशी बसून ती मोठ्यानं रडली, आणि निगम बाबूंच्या पत्नी, ज्यांनी दार अर्धंच उघडलं होतं, त्या येऊन तिच्या पाठीवरून हात फिरवू लागल्या.

डोळे पुसल्यावर आईनं विचारलं, "मालिश कौन करता है?" कुणी करत नव्हतं. डॉक्टरांनी हाताचा व्यायाम सांगितला होता, पण मुलगा नोकरीसाठी कानपूरला असायचा. माझी आजी गावात बाळंतिणींची आणि आजाऱ्यांची अंगं चोळायची. आईनं ते लहानपणापासून पाहिलेलं. तिनं मोहरीचं तेल मागितलं, त्यात ओवा टाकून गरम केलं आणि तो हात मांडीवर घेतला.

त्यानंतर प्रत्येक रविवारी आणि बुधवारी ती जायची. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं ती करून घ्यायची, एकही दिवस सूट नाही. पावसाळ्यातल्या एका बुधवारी त्यांचा अंगठा हलला. अगदी थोडा. आई ओरडली, "मेल्या, हालला की रे!" आणि लगेच जीभ चावली. सहा महिन्यांत तिच्या तोंडून असा शब्द निघाला नव्हता.

निगम बाबूंनी भुवया वर केल्या. "ये वाला कौन सा शाप है?"

"ये शाप नहीं, बाबूजी," आई लाजत म्हणाली. "ये… प्यार का है. बबन को बोलता." मग त्यांच्या पत्नी हसत सुटल्या आणि म्हणाल्या की त्याही नातवाला दिवसातून दहादा 'मरे' म्हणतात. त्या दिवशी दोघी बसून आपापल्या गावचे शाप एकमेकींना सांगत होत्या. कुठला लेकरासाठी, कुठला नवऱ्यासाठी, कुठला फक्त मांजरासाठी. आणि कुठला कधीच तोंडातून काढायचा नाही, त्यावर दोघींचं एकमत झालं.

त्याच महिन्यात निगम बाबूंनी आईला विचारलं, "बहनजी, आप रिकॉर्ड सॉर्टर ही रहेंगी? हाई स्कूल कर लीजिए. क्लर्की का रास्ता खुल जाएगा."

हाई स्कूल म्हणजे तिकडची दहावी. आईला ती थट्टा वाटली. पण पुढच्या रविवारी त्यांनी पाटी-पेन्सिल मांडून ठेवली होती. आई हात चोळायची, ते तोंडी धडा घ्यायचे. मग ती लिहायची, ते तपासायचे. सगळ्यात मोठी अडचण हिंदीच्या लिंगाची. वऱ्हाडात बायाही 'मी जातो' म्हणतात, त्यामुळे आई ठणकावून 'मैं जाता हूँ' लिहायची. "फ़ाइल खो गया नहीं, बहनजी, खो गई," ते म्हणायचे, आणि मग स्वतःच हसायचे, "और खोई भी नहीं थी."

पहिल्या खेपेला आई विज्ञानात नापास झाली. मला फार वाईट वाटलं, कारण तेव्हा मी बी.ए.ला होते आणि तिला विज्ञान मीच शिकवलं होतं. निगम बाबू म्हणाले, "विज्ञान में तो मैं भी फ़ेल हुआ था. फिर भरिए फ़ॉर्म." ब्याऐंशीत ती पास झाली. चौऱ्याऐंशीत खात्याची परीक्षा देऊन क्लर्क झाली. त्यांचा हात पूर्ण बरा झाला नाही. अंगठा आणि दोन बोटं कामाला आली. कप धरता यायचा, सदऱ्याचं बटण लावता यायचं, वाकड्या अक्षरात सही करता यायची. डॉक्टर म्हणाले, एवढंही पुष्कळ आहे.

आई जिथे क्लर्क झाली तिथं पेन्शनच्या आणि आमच्यासारख्यांच्या फायली यायच्या. समोर बसलेल्या बाईला ती आधी फाइल उघडून दाखवायची. "ये देखो, यहाँ अटका है. ये साहब ने ना बोला है. अब हम ये लिखेंगे." कुणी रडायचं, कुणी चिडायचं. आई म्हणायची, रडूदे, पण खरं समजून घरी जाऊदे.

शहाऐंशीच्या नोव्हेंबरात निगम बाबूंच्या मुलानं गोमती नगरात घर बांधलं. तेव्हा तिकडे सगळे रिकामे प्लॉट आणि वारा. गृहप्रवेशाला आम्ही तिघं गेलो. बबन तेव्हा इंटरला, म्हणजे बारावीला होता. आईनं पहाटे उठून डबाभर पुरणपोळ्या केल्या होत्या. निगम बाबू व्याह्यांना आणि नव्या शेजाऱ्यांना आईची ओळख करून देत होते. "ये द्रौपदी बहन हैं. मेरा हाथ इन्हीं का दिया हुआ है."

आईला ते सहन होईना. "नहीं, नहीं. मेरी नौकरी इनकी दी हुई है. मेरे बच्चों का घर इनके कारण रहा."

"घर सरकार का था, बहनजी."

"टिप्पणी आपका था."

"आपकी थी," त्यांनी दुरुस्त केलं, आणि सगळे हसले.

निघताना दोघं फाटकात उभे होते आणि तेच चालू होतं. आई म्हणत होती, तुमच्या डॉक्टराच्या चिठ्ठ्या त्या दिवशी दाखवल्या नसत्या तर मी जन्मभर खाली मान घालून जगले असते. ते म्हणत होते, तुम्ही त्या दिवशी आला नसता तर मी त्या खाटेवरून उठलोच नसतो. ती म्हणत होती, बाबूजी, तुमचे उपकार जास्त. ते म्हणत होते, नहीं बहनजी, आपके. टेंपोवाला हॉर्न वाजवत होता. निगम बाबूंच्या पत्नीनं माझ्या हातात डब्यात घातलेल्या पुऱ्या दिल्या आणि हळूच म्हणाल्या, "इन दोनों को छोड़ो. तुम लोग बैठ जाओ, ये अभी आधा घंटा और लेंगे."

बबन आणि मी टेंपोत जाऊन बसलो. आईला यायला खरंच अर्धा तास लागला.